कोरफडीचा राग

आई,

तुझी कोरफड अजून जिवंत आहे. तू टांगली होतीस ती नव्हे, तिच्या लेकीची लेक असेल. पण तशीच उलटी, मुळं वर आणि पानं खाली, आमच्या भाड्याच्या घराच्या दारावर लोंबते आहे. माती नाही, पाणी नाही, तरी हिरवीगार. दृष्ट लागू नये म्हणून तू बांधायचीस आणि कॉलेजात गेल्यावर मी तुला हसायचो. आता लोअर परळच्या या घरात मीच स्टुलावर चढून ती बांधली. खालून तुझी सून म्हणाली, "अहो, तुम्ही तर हे मानत नाही ना?" मी म्हटलं, नाही मानत, पण असू दे.

घोडपदेवची आपली चाळ गेली. रिडेव्हलपमेंट. पाडली त्या दिवशी मी तिकडे फिरकलो नाही, मला जमलं नसतं. त्याआधी सगळं सामान हललं, तुझा पाटा-वरवंटासुद्धा. हलला नाही तो तुझा अनंत, गॅलरीच्या टोकाशी तेलाच्या डब्यात लावलेला. डबा उचलायला गेलो तर गंजका पत्रा तेवढा हातात आला. मुळं केव्हाच तळ फोडून भिंतीच्या भेगेत शिरली होती. आम्हाला न विचारता त्याने चाळीशी सोयरीक जुळवून टाकली होती. म्हणून फांद्या कापून आणल्या. कोरफडीचा गर लावला की फांदी लवकर मूळ धरते, एवढं मला तुझ्यामुळे माहीत होतं. दारावरचं पान तोडलं, चिरलं, फासलं, लावलं. फांद्या बुडापासून काळ्या पडत गेल्या. पेल्यातल्या पाण्यात ठेवलेली एकच उरली, आणि तोवर तिकडे झाडही नव्हतं, भिंतही नव्हती.

मग एका दुपारी चहा उकळताना, वाफेत, मला ती वाटी दिसली. तू हॉस्पिटलातून आयाची ड्युटी करून आली आहेस. अंबाड्यातलं अनंताचं फूल दिवसभरात पिवळं पडलंय, वास मात्र अजून खोलीभर आहे. ओट्यावर स्टीलच्या वाटीत कोरफडीचं पान तिरकं उभं आहे आणि त्याच्या कापल्या टोकातून पिवळा चीक थेंब थेंब उतरतो आहे. मी बोट लावायला जातो. तू हातावर चापट मारतेस. "थांब रे. तिचो राग आधी उतरांदे." राग उतरेपर्यंत तू तांदूळ निवडतेस, मी तुझ्या पदराशी बसून पेंगतो. मग तू पान धुतेस, सोलतेस. आतला गर पाण्यासारखा नितळ. त्यात फांदीचं टोक बुडवून तू तिच्याशी काहीतरी पुटपुटतेस, ते मला कधीच ऐकू आलं नाही.

माझं अंगावरचं दूध सोडवायलाही तू हीच कोरफड लावली होतीस, असं शेजारणींना माझ्यादेखत हसत सांगायचीस. घोडा झाला तरी सोडेना, म्हणायचीस. मी लाजून गॅलरीत पळायचो. आता वाटतं, मला सोडवताना तू राग उतरू दिला नसणार. तिथे कडूच हवं होतं. फांदीला झाडापासून सोडवताना मात्र सगळा कडूपणा आधी वाटीत. खरं सांगू, मला त्या फांदीचा थोडा हेवा वाटला.

तर ती शेवटची फांदी मी तुझ्या रीतीने लावली. पान वाटीत उभं केलं आणि राग उतरेपर्यंत ओट्यापाशी नुसता उभा राहिलो. तुझी सून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?" बरी आहे म्हटलं. बुंध्याशी गर, कापलेल्या बाटलीत भुसभुशीत माती, वरून प्लास्टिकची पिशवी, स्वयंपाकघराची खिडकी. ऊन आलं की पिशवीला आतून धुकं धरतं आणि त्यात ती काडी तुझ्यासारखीच पाठमोरी उभी दिसते. मला भीती वाटते, आई. ही गेली तर तू मातीत लावलेलं काहीच जगात उरणार नाही, आणि तुझ्या अंबाड्याचा वास मला मग कुठे मिळणार ते कळत नाही.

लहानपणी तू लावलेल्या फांद्या मी रोज ओढून बघायचो, मूळ आलं का म्हणून. तू वैतागायचीस. "धरतली तेव्हा धरतली. तू कित्याक ओढतंस?" त्यामुळे हे पत्र तुझ्यापर्यंत न पोचलेलंच बरं. पोचलं असतं तर ओरडली असतीस.

आज सकाळी मी पिशवी काढून फांदी ओढून पाहिली. दोन बोटांनी, अगदी हळू. हातात नाही आली गं.