नारळी पौर्णिमेपर्यंत आरमार बंद

बोळिंज, विरार (प.)
१७ ऑगस्ट २००३

तीर्थस्वरूप मामांस,

बुडालेल्या आरमाराच्या प्रमुखाचा साष्टांग नमस्कार. तुमची, तुमच्या जहाजाची आणि मामीने बांधून दिलेल्या लोणच्याची तब्येत उत्तम असावी. इकडे आई ठणठणीत, बाबा त्याहून ठणठणीत (आवाज खालच्या मजल्यापर्यंत), आणि मी संपलो आहे.

माझा वसईच्या वेढ्याचा कॉम्प्युटर गेम तुम्हाला ठाऊकच आहे. तो अंधेरीच्या कंपनीने घेतला नाही, तर गणपतीला तुम्ही आलात की मला तुमच्यासोबत जहाजावर धाडायचं, असं बाबांनी ठरवलंय. (समुद्राचं एवढं वेड आहे ना, मग जा की, म्हणाले.)

आता दुखणं ऐका. असल्या लढायांच्या गेममध्ये जहाजांना कुत्रं विचारत नाही. जो तो घोडदळ जमवतो आणि जमिनीवरून चालून जातो. माझा मित्र संकेत तर गलबतं विकून घोडे घेतो! मी पेटलो. किल्ल्याचं धान्य, दारूगोळा, जकात, सगळं समुद्रावरूनच येईल असं केलं. ज्याचं आरमार नाही त्याचा किल्ला उपाशी. संकेत दोनदा उपाशी मेला. मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता.

मग माझा खरेपणा नडला. पाचूबंदरला पावसाळ्यात कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात लोटत नाहीत, हे लहानपणापासून बघतोय. तेही गेममध्ये घातलं. परवा अंधेरीचे साहेब आले, संकेत शत्रू होऊन खेळायला बसला, आणि गेममधला ज्येष्ठ महिना येईपर्यंत त्या नीच माणसाने नुसता आईने केलेला चहा प्यायला. पाऊस लागला, माझं आरमार आपण होऊन किनाऱ्यावर चढलं, झापांखाली झोपलं, आणि हा सोपाऱ्यावरून घोडे घेऊन आरामात किल्ल्यात शिरला. एवढी गलबतं, एकानेही तोफ डागली नाही! साहेब म्हणाले, होड्या गोड आहेत; त्या काढा आणि हत्ती घाला. मामा, वसईच्या वेढ्यात हत्ती! मी रडलो हो, खरंच रडलो. बाबा मात्र माळ्यावरून बॅग काढायला स्टुलावर चढले.

तुमचा (अजून जमिनीवर असलेला) भाचा,
कौस्तुभ

ता. क. हत्ती घातले. साहेब अजून काही बोललेले नाहीत.

ता. क. दुसरा. तुमच्या जहाजावर जागा नाही आणि पुढची दहा वर्षं निघणारही नाही, असं बाबांना फोन करून सांगाल का? पाया पडतो. गेल्या आठवड्यात अभ्यास म्हणून पाचूबंदरला हिलरीकाकांच्या होडीत बसलो होतो. आतडी बाहेर येईस्तोवर ओकलो, आणि डोळे गच्च मिटून मला किनाऱ्याला न्या म्हणून विनवत राहिलो. हिलरीकाका म्हणाले, "अरे बाला, दोरी अजून सोडली पन नाय."