तुमची किडनी सुखरूप आहे

ती. वन्सं यांना नमस्कार. माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घ्या. तुमची तब्येत बरी असेलच. आधी मुद्द्याचं सांगते. तुम्ही भावाला दिलेली किडनी शाबूत आहे. परवा फोनवर मी रडत जे काही बोलले, ते विसरून जा.

झालं असं, की किडनी परकी म्हणून शरीराने झिडकारू नये यासाठी यांना रोज गोळी असते. ती रक्तात किती उरते ते बघावं लागतं. कमी पडली तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झाली तर गोळीच किडनी खाते. (असलं औषध शोधणाऱ्याला एकदा माझ्यासमोर बसवा.) आधी दवाखान्यात सुईने नळीभर रक्त काढायचे आणि हे सुई बघूनच आडवे व्हायचे. एवढा धिप्पाड माणूस, नर्स आणि मी मिळून उचलायचो. आता त्यांनी कागदाच्या पट्ट्या दिल्यात. घरीच बोट टोचायचं, एक थेंब पट्टीला लावायचा, सुकला की पाकिटात घालून पाठवायचा. तिथे पट्टीवर कसलंसं औषध टाकून वीज देतात, टोकातून बारीक फवारा उडतो आणि यंत्र त्यातल्या कणाकणाचं वजन करून गोळी किती ते सांगतं. (इथे भाजीवाल्याला पाव किलो धड तोलता येत नाही.) मग पट्टी चक्क फेकून देतात. माझ्या जिवावर आलं, पण धुऊन परत वापरता येत नाही. मी विचारलं.

रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं. यांना दीड गोळी. उगाच खोळंबा नको म्हणून मी आधीच एक गोळी नखाने मोडून वाटीत तयार ठेवली, मग यांचं बोट धरलं, टोचलं, दाबलं, थेंब काढला. हे डोळे घट्ट मिटून बसलेले, जसं काही मी बोट तोडूनच नेणार होते.

पट्टी पोचली आणि दवाखान्यातून फोन आला. रक्तात गोळी इतकी, की माणसाने मूठभर गोळ्या खाल्ल्यात की काय. पुढची देऊ नका, ताबडतोब या. घरात जुंपली. हे म्हणाले, तुला सदा घाई, तूच दोनदा दिलीस. मी म्हटलं, तुम्हीच विसरून परत खाल्लीत. मग हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताईने पोट फाडून दिली, मला ती सांभाळतासुद्धा आली नाही."

वन्सं, चालू भांडण मी अर्धवट सोडलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाच तुम्हाला फोन लावला.

दवाखान्यात तपासणीच्या बाई म्हणाल्या, माझ्यासमोर पट्टी घ्या बघू. डॉक्टर हो म्हणाले तर गोळी हाताशी असावी, म्हणून मी पर्समधून काढली, मोडली आणि यांचं बोट धरणार, तोच बाईंनी माझं मनगट पकडलं.

"अहो, बोटांना गोळीचा चुरा लागलाय तुमच्या. तोच थेंबात गेला. यंत्राने यांचं रक्त नाही, तुमची नखं मोजली."

दोघांनाही साबणाने हात धुवायला लावले. परत पट्टी घेतली, शिवाय खात्रीसाठी सुईने रक्त. (हे आडवे झाले, ते धरूनच चला.) दोन्हीकडे गोळी हवी तेवढीच निघाली. यांनी बाहेर चहा पाजला आणि घरापर्यंत "नखं काप" एवढंच बोलले. इतकं गोड लग्नापासून बोलले नव्हते.

तुमची भावजय

ता. क. सोबत एक पट्टी आणि टोचणी घातली आहे. ती तुमच्यासाठी. भावाला देऊन तुमच्याकडे एकच उरली, आणि ऑपरेशननंतर तुम्ही तपासायला एकदाही गेला नाहीत. बाईंना विचारलंय, तुमची किडनी नीट चालते का, तेही याच थेंबातून कळतं. त्यासाठीच एवढं लिहिलं, नाहीतर मला कुठे वेळ आहे.

आणखी एक. थोडं दुखतं. यांना मात्र अजिबात दुखत नाही असंच सांगते, तुम्ही फोडू नका.

आणि "मी ठणठणीत आहे" असं उत्तर लिहीत बसू नका. पट्टी पाठवा.