दोघींपैकी कोण?

५ मार्च, मंगळवार
शेजारचा ओकुमू पाण्याच्या टाकीखाली पडलेला. डोकं फुटलेलं. आणि आपियो त्याच्याजवळ बसलेली, दोन्ही हात रक्तानं भरलेले! मी तिला ओढतच घरात आणलं. तिचे हात धुतले, झगा बदलला, मग लोकांना हाका मारल्या. मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. शुद्ध नाही त्याला.

‘आपी, काय केलंस गं?’
‘कुणी, मी? मक्याच्या पिठाची उगाली शिजवणार होतीस, झाली का?’

कालच तो तिच्यावर ओरडला होता. दोरीवरचे त्याचे शर्ट तिनं आपलेच समजून घरात आणले. ‘या म्हातारीला बांधून ठेवा!’ म्हणाला. तिनं चप्पल फेकून मारली. दोन वर्षांत एकेक सगळं विसरत चाललीय माझी बहीण. राग तेवढा शिल्लक आहे.

६ मार्च
इन्स्पेक्टर मुटिसो आले. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी एका म्हातारीला टाकीपाशी पाहिलं म्हणे. पण आम्ही जुळ्या! सदुसष्ट वर्षांच्या झालो तरी अख्खी गल्ली अजून फसते.

‘दोघींपैकी कोण?’

मी नव्हते म्हटलं, तर ती ठरते. मीच म्हटलं, तर खोटं. शिवाय मला आत टाकलं तर हिला आंघोळ कोण घालणार? तोंड मिटून बसले.
‘परवा ठाण्यात या. दोघीही.’

७ मार्च
चर्चमधल्या मैत्रिणीची मुलगी वकील आहे — अविनो. तिच्याकडे गेले.
‘मावशी, गप्प बसायचा हक्क आहे तुम्हाला. राज्यघटनेत लिहिलंय. गप्प बसलात म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. फक्त खोटं बोलू नका.’
‘आणि आपियोला विचारलं तर?’
‘तिलाही तोच हक्क. मी शेजारी बसेन.’

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. या किसुमू शहरातली किती गुपितं या कानांतून गेली! एक शब्द बाहेर काढला नाही. पण ती परक्यांची होती. हे पोटात राहत नाही.

८ मार्च
ठाणं. नाव सांगितलं, अडोंगो. वय सांगितलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एकच — ‘उत्तर देणार नाही.’ अकरा वेळा! अविनोनं टेबलाखाली हात धरून ठेवला होता.

मुटिसो म्हणाले, ‘ज्याच्या मनात काही नाही तो माणूस बोलतो, मावशी.’
एवढं लागलं ते! बोलूनच टाकावं वाटलं. ओठ चावला.

मग ते आपियोकडे वळले.
‘मावशी, मंगळवारी कुठे होतात?’
अविनो म्हणाली, ‘त्या उत्तर देणार नाहीत.’
पण आपियो कुणाचं ऐकते? त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. काढ, लावून देते.’
कोपऱ्यातली शिपाईबाई फिसकन हसली. मुटिसोंनी शर्टाची पट्टी हातानं झाकली. आवाज जरा खाली आला त्यांचा. ‘ओकुमू शुद्धीवर येईपर्यंत शहर सोडू नका.’ — आला तरच!

येताना तिनं माझं बोट धरलं होतं.
‘कुठे गेलो होतो गं? छान होता तो मुलगा.’
रस्त्यातच रडले.

९ मार्च
आज मला ‘आई’ म्हणाली. मी ओ दिली.

१० मार्च, रविवार
ओकुमू शुद्धीवर आला! मुटिसोंना त्यानं स्वतः सांगितलं. टाकीत पाणी किती ते बघायला शिडीवर चढला, पाय सटकला. मारलं कुणीच नाही. आपियो धावत आली, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. ‘घाबरू नको, माझी बहीण येतेय, तिला सगळं कळतं,’ म्हणत राहिली म्हणे.

आणि मी पाच दिवस घरातल्या सुऱ्या लपवत होते!

दुपारी तिला त्याच्याकडे नेलं. ओळखलं नाही. डोक्याच्या पट्टीवर हात ठेवला. ‘फार दुखतंय का रे?’ विचारलं, आणि वाकून फुंकर घालायला लागली.