बिंबलाच्या पाण्यातला डबा

आये, काल शेड वाढवायला आलेला कंत्राटदार म्हणाला, मागचं बिंबलाचं झाड आड येतंय, तोडूया. मी म्हटलं, शेड वाकडी घाल, पण झाडाला हात लावायचा नाही. म्हातारा चळला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याला काय ठाऊक! तुला ठाऊक आहे, म्हणून तुलाच लिहितोय.

तेव्हा बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बंदरावर इंजिनाच्या होड्या नुकत्या दिसू लागलेल्या, पण आपल्या वर्कशॉपात यायचे ते बिघडलेले स्टोव्ह आणि गळक्या घागरी. मामांनी मुंबईच्या गिरणीत माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि मला मालवण सोडायचं नव्हतं. तेवढ्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेनलेस स्टीलचा डबा पाठवला, बाळंतपणाची हत्यारं उकळायचा. कोपऱ्यात चीर गेलेली. नीट झाला तर दवाखान्याचं सगळं काम तुमच्याकडे, नाहीतर यापुढे सगळं कोल्हापूरला पाठवू, असा निरोप. स्टीलची चीर सांधायला डाक दिलेला आपल्याकडे कोणी पाहिला नव्हता. मी दिला! डाक नीट धरावा म्हणून टाकणखार लावून, चांदीचा डाक, आणि थेंबभर पाणी झिरपलं नाही. छाती अशी फुगली म्हणून सांगू. सांध्यावर टाकणखाराचा काचेसारखा थर बसला होता, तो मी होड्यांचे नांगर घासायच्या तारेच्या ब्रशने खरवडून काढला आणि डबा फळीवर ठेवून दिला.

सकाळी बघतो तर सांध्याभोवती तांबडे ठिपके, अंगावर गोवर उठावा तसे. न गंजणारं म्हणून ज्याचं नाव, ते माझ्या हातात एका रात्रीत गंजलं. दुपारी डबा पोचवायचा होता. खरं सांगतो, मी मुंबईला जायला माळ्यावरून ट्रंक खाली काढली होती. तू पुढे आलीस, ठिपक्यावर बोट फिरवलंस, मग दुसरं बोट ब्रशावर फिरवलंस, आणि दोन्ही बोटं माझ्यासमोर धरलीस. सारखीच तांबडी.

"गंज डब्याचो नाय, तुझ्या ब्रशाचो. तुका आग कळता, भांडा कळणा नाय."

मला झोंबलं. तिरमिरीत मी कोकमाच्या सोलांची बरणी काढली, पितळ आपण त्यानेच तर लख्ख करतो. तू माझा हात धरलास. "सोलांक मीठ आसा. मासे कापूची सुरी मिठान कशी खाल्ली, बघलंस मां?"

तू न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवतेस. डबा आधी नुसत्या कढत पाण्यात, आणि उरलासुरला टाकणखार आपोआप सुटतो. मग मागच्या झाडाची बिंबलं पाट्यावर ठेचतेस आणि त्या फळांच्या आंबट पाण्यात डबा बुडवून ठेवतेस. मी घाई करतो, तू मला दटावून गप्प बसवतेस. नंतर नारळाच्या सोडणाच्या काथ्याने अलगद घासतेस, विहिरीच्या गोड्या पाण्याने तीन-तीनदा धुतेस, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने कोरडा करतेस. ठिपका एक नाही. माझा चांदीचा सांधा असा उजळून निघालाय की तिथे चीर होती हे कोणी सांगून पटायचं नाही.

बाईंनी आठ दिवस डबा रोज उकळला आणि मग स्वतः चालत आल्या, मागे गडी, त्याच्या डोक्यावर दवाखान्याची बाकीची भांडी. ट्रंक परत माळ्यावर गेली ती आजतागायत तिथेच आहे. पुढे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दवाखान्यांचं स्टील आपल्याच दारात आलं, आये, आणि एकही सांधा तांबडा होऊन परत आला नाही. स्टील घासायचा ब्रश अजून वेगळ्या खिळ्याला टांगतो. त्याने कोणी लोखंड घासलं तर माझ्यासारखा वाईट माणूस नाही.

हा कागद त्याच खिळ्याला अडकवून ठेवणार, तू गेलीस तिथे पाठवू कसा? एक मात्र तुला सांगायचं राहिलंय. बाई आल्या त्या दिवशी त्यांनी विचारलं, इतकं स्वच्छ कोणी केलं? तू दारातच उभी होतीस, हातांना बिंबलाचा वास. मी म्हटलं, मी. तू पदराला हात पुसत आत गेलीस, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगत आलोय. काल कंत्राटदारानेही विचारलं, या झाडाचं एवढं काय? तेव्हाही मी म्हटलं, बिंबलाने स्टील उजळायची ही माझी युक्ती आहे.