कॉम्प्युटरच्या पेटीला जाळी

प्रिय लंबू,

पहिल्याच शब्दावरून भांडण झालं आहे. मी बोलायचं आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी लिहायचं, असं ठरलं होतं. पण त्यांचं म्हणणं, ज्याचे केस पिकले आणि ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्याला लंबू म्हणणं शोभत नाही. मी म्हटलं, तो आधी माझ्या हाताखाली होता. तेव्हा लिहिलं. बाकीचंही मी बोलेन तसंच लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे. मला वाचता येत नाही, पण लिहून झालं की मी सगळं मोठ्यानं वाचून घेणार आहे. कुठे मला गोड केलं असेल तर मला लगेच कळेल.

फोन का नाही केला म्हणशील. फोन लावून द्यायला तुझी भाची लागते, आणि लावून दिला की ती तिथेच पाय पसरून बसते. शिवाय फोनवर तू हं हं करत दुसरंच काहीतरी वाचत असतोस, ते मला इथे ऐकू येतं. आज ती मैत्रिणीचं सामान नव्या घरी हलवायला गेली आहे, संध्याकाळपर्यंत यायची नाही. तेवढ्यात हे उरकायचं आहे.

तिच्या कामाचं तुला अर्धंमुर्धंच माहीत असेल. ती शरीराच्या आतली चित्रं काढते आणि ती कॉम्प्युटरवर हलती करते. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना ती दाखवतात म्हणे. दूरच्या त्या मोठ्या शहरातला एक स्टुडिओ आहे, तिथली नोकरी मिळावी म्हणून ती शाळेपासून डोळे लावून बसली आहे. या खेपेला त्यांनी तिला परीक्षा घातली. हृदयाची झडप कशी उघडते आणि मिटते याची छोटी फिल्म महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या मशीनवर करून पाठव, आवडली तर ये. झडप मी पाहिली. मला अंधुक दिसतं, तरी पाहिली. आपल्या जुन्या पाकिटाचं तोंड उघडमीट करावं तशी दिसते. हे तिला सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अडचण झडपेची नव्हती, मशीनची होती. चित्रं काढून झाली की मशीन ती एकेक करून पक्की करतं. ती त्याला रेंडर म्हणते, मी शिजवणं म्हणते, आणि आम्हा दोघींना कळतं. शिजायला दिवसचे दिवस लागतात. पण शिजवता शिजवता मशीन स्वतःच इतकं तापायचं की आपला जीव वाचवायला फटकन बंद पडायचं, आणि ती डोकं धरून पुन्हा मागच्या चित्रापासून सुरुवात करायची. दोष मशीन ज्यात बसवलं आहे त्या पेटीचा. पुढून काच, बाजूंनी आंधळा पत्रा, आत चार पंखे आणि रंगीबेरंगी दिवे. दिसायला दागिन्यांचं दुकान. पण पंख्यांनी हवा ओढायची कुठून? नाकातोंडाला रुमाल बांधून माणसाला जिना चढायला लावावं तशी गत. नवी पेटी मागवली असती तर महिना उलटून गेल्यावर आली असती.

म्हणून तिनं ठरवलं की काच आणि बाजूचा पत्रा काढायचा आणि तिथे जाळीच्या पाट्या, म्हणजे कडा दुमडलेली झाकणं, करून बसवायच्या. तिच्यासारखी माणसं असं करतात, त्यांचे व्हिडिओही असतात. एक व्हिडिओ बघून तिनं जाळी आणली आणि टेबलाच्या कडेवर ठेवून वाकवायला लागली. लंबू, तू लहानपणी चादरीच्या घड्या घालायचास, आठवतं? त्याहून वाईट. जाळीचा एक कोपरा छताकडे, दुसरा माझ्याकडे. माझे हात शिवशिवत होते, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही हे मला तुझ्या बायकोनं फार कष्टानं शिकवलं आहे, म्हणून मी गप्प बसले. शेवटी अंगठ्यात तार घुसली तेव्हा ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली, आजी, तू आणि आजोबा चाळण्या करायचात ना? अशा आवाजात विचारलं की जणू आम्ही दोघं सर्कशीत होतो.

मग मागच्या खोलीतून तुझ्या बाबांची हत्यारांची पेटी निघाली. पत्र्याची कात्री, लाकडी हातोडा, कानस, आणि ते दोन लोखंडी अँगल, ज्यांच्यावरून तू अडखळून पडायचास आणि अँगललाच शिव्या घालायचास. सगळ्याला तेल दिलं. कात्री उघडायला दोघींना मिळून जोर लावावा लागला. मी तिला पहिल्यापासून शिकवलं. विणलेली जाळी कापायची तर एकच तार धरून शेवटपर्यंत जायचं. मधेच तार बदलली की कडा उसवते आणि मग ती उसवतच राहते. चारही कोपऱ्यांना छोटे चौकोन कापून टाकायचे, म्हणजे दुमड आली की कोपऱ्यात गर्दी होत नाही. मग जाळी दोन अँगलच्या मधे घट्ट आवळायची आणि बाहेर राहिलेली पट्टी हातानं दाबत न्यायची. एका जागी जोर करायचा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. काटकोनाच्या थोडी पुढेच न्यायची, कारण हात काढला की जाळी मागे येते. हातोडा अगदी शेवटी, तोही मधे लाकूड ठेवून. मला कडा दिसत नाहीत आता, पण वाकडी तार बोटाला लगेच लागते. ती म्हणाली, आजी, तू डोळे मिटून काम करतेस. मी म्हटलं, उघडले तरी तेवढंच दिसतं.

तिचा हात वाईट नाही. पहिल्या दोन पाट्या वाया गेल्या, तिसरी तिनं एकटीनं केली आणि ती माझ्याहून बरी झाली. हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता ऐक आमची फजिती. तिनं आणलेली जाळी होती भरड, भोकं ही एवढी. वाळू चाळायला ठीक. मी नाक मुरडलं. आपल्या हातची वस्तू, आणि तिला वाळूची जाळी? आमच्या धंद्यात जेवढी जाळी बारीक तेवढा कारागीर मोठा. तुझ्या बाबांनी शेवटी शेवटी आणलेली पितळी जाळी मी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. पिठातला कोंडाच नाही, तर त्याची सावलीसुद्धा अडवेल अशी. मी म्हटलं, ही लाव. धूळसुद्धा आत जायची नाही. पोरगी एकदा माझ्याकडे बघते, एकदा जाळीकडे बघते. मग म्हणाली, कापायची? नक्की? मी स्वतः कात्री चालवली. अशी पाटी बसली की काय सांगू! उन्हात सोन्यासारखी झळकत होती. मास्तरीणबाई खास जिना चढून बघायला आल्या. त्या इथे मान हलवताहेत, म्हणजे ते खरं आहे.

पुढचे दोन दिवस मी रोज विचारायची, काय गं, कसं चाललंय? ती म्हणायची, एकदम मस्त, आजी. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेलेली असताना मी सहज पेटीवर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि झटक्यानं काढला. पेटी आधीपेक्षा तापली होती. मागे हात लावला तर मागचं झाकण काढून भिंतीशी लपवलेलं, आणि त्या भगदाडासमोर आपला टेबलफॅन चालू. मला दिसत नाही, तर कळणारही नाही, असा हिशेब.

ती बाहेर आल्यावर मी खुर्चीत बसूनच विचारलं. मग तिनं टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी आणली, माझ्या हातात दिली आणि जाळीसमोर धरायला सांगितली. आत पंखे घरघरत होते आणि पट्टी मात्र ताटकळलेल्या पाहुण्यासारखी सरळ लटकत होती. मग माझ्या पितळी जाळीला बाजूला करून वाळूची जाळी समोर धरली. पट्टी माझ्या बोटांतून सुटून जाळीला जाऊन चिकटली. तेव्हा कळलं. आम्ही जन्मभर जाळी केली ती अडवण्यासाठी, आणि हिला हवी होती ती जाऊ देण्यासाठी. पिठाची जाळी हवेलासुद्धा कोंडा समजत होती.

त्याचं मला वाईट वाटलं नाही. जाळी चादरीत पडून काय अंडी घालणार होती? राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मशीन त्या दोन दिवसांत किती वेळा बंद पडलं ते तिला माहीत होतं. महिना संपत आला होता. तरी आजीच्या हातची पाटी काढायची नाही, म्हणून ही बया टेबलफॅन लावून बसली होती. मी म्हटलं, माझं मन राखायला स्वतःची परीक्षा बुडवतेस? त्यावर ती हसली आणि म्हणाली, परीक्षा काय, पुन्हा येईल. तुझ्या बहिणीचं हसू ते. ती गेली तेव्हा ही पोर माझ्या कमरेएवढी होती, पण हसणं बरोब्बर उचललं आहे.

त्या दुपारी आम्ही वाळूच्या जाळीची पाटी बसवली. मध्यभागी ती थरथरून गुणगुणायची, तर तिनं माझ्या जुन्या हिवाळी कोटाच्या कापडाच्या पट्ट्या कापून कडेला चिकटवल्या. मला विचारून, हे विशेष. पेटी आता दिसायला अगदी सामान्य आहे, बांधकामावरच्या चाळणीसारखी. पण त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. दिवसरात्र शिजवत राहिलं. अख्खी झडप उघडली आणि मिटली आणि वेळेत रवाना झाली.

परवा स्टुडिओचा फोन आला. ती गॅलरीत जाऊन बोलली. परत आली आणि मला म्हणाली, काम आवडलं त्यांना, पण जास्त अनुभवी माणूस हवा आहे, जाऊ दे. आणि चहा टाकला. चहा फार चांगला केला होता, त्यावरूनच मला शंका यायला हवी होती. पण शंकेचं कारणच नव्हतं, कारण मी सगळं ऐकलं होतं. डोळे गेले म्हणजे कानही गेले असं तिला वाटतं. आधी ती इतकी खुश झाली की गॅलरीत एक उडी मारली, कुंडी हलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, घरी आजी आहे, तिला नीट दिसत नाही, मी विचार करून सोमवारी कळवते. यात विचार काहीही नाही, लंबू. सोमवारी ती नाही म्हणणार आहे. टेबलफॅन लावला तशीच, हसत हसत.

मी जा म्हटलं तर ती जायची नाही. मी एकटी राहीन म्हटलं तर मला कालच गॅसच्या बटणाऐवजी रेडिओचं बटण फिरवताना तिनं पकडलं आहे. तेव्हा आता तुला एक काम सांगते. शनिवारी ये. सहज आलोय असं म्हण. दरवर्षी तू मला तुझ्याकडे राहायला चल म्हणतोस आणि मी उडवून लावते. या वेळी तिच्यासमोर म्हण. बायकोला आधी विचार, ते मात्र खरं विचार. तिची ना असेल तर मला सरळ कळव, मी दुसरं काही बघेन. हो असेल तर तिचे दुखरे गुडघे पुढे कर, घरात कोणीतरी मोठं माणूस हवं आहे म्हण. तुझी गरज आहे असं दिसू दे, माझी नको. मी नाही म्हणेन. मोठ्यानं म्हणेन. तुझं घर कोंदट आहे, तुझी बायको मीठ कमी घालते, असंही म्हणेन. त्यातलं थोडं खरं आहे, पण मनाला लावून घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पहिल्या नाहीलाच तू बरं, जशी तुझी मर्जी, म्हणून चपला घालतोस. या वेळी चपला घालू नकोस. दुसऱ्यांदा विचार. मी तेव्हाही नाही म्हणेन, कारण लगेच कबूल झाले तर पोरगी ओळखेल. तिसऱ्यांदा विचारायला मात्र विसरू नकोस, बाळा.

तिसऱ्या खेपेपासून तुझीच,
आई