परकराचा काठ

भांडगाव, रविवार, जानेवारी १९७५

शकूचा पाठीचा पट्टा आज पुण्याहून आणला. कणा आणखी वाकू नये म्हणून दिवसरात्र घालायचा, लोखंडी, पार हनुवटीपर्यंत. पोरगी रडली न्हाई, मीच रडले.

वरून परकर घातला तर काठ एकीकडं लोंबायला लागला. तिची कमर एका बाजूनं वर उचललेली, म्हणून त्या बाजूचा काठ मी गुपचूप लांब शिवत आले. कुणाला दिसू नये, तिलाही. आज पट्ट्यानं कमर सरळ धरली आन् माझा काठ वाकडा पडला.

"तुला आधीपासनं ठावं व्हतं व्हय, आई?" शकूनं इचारलं.

मी सुई घेतली, काठ उसवायला बसले.

शकू म्हणाली, "आता सगळे काठ सरळच शिव. पट्टा काढल्यावर वाकडं दिसलं तर दिसू दे."