यान गप्प का झालं

१४ जून

तीर्थस्वरूप आत्यास,
ठिणगीचा शि. सा. न. वि. वि.

वर्षभर तू फोन उचलत नाहीस, दौऱ्यावर असल्याचे निरोप तेवढे पाठवतेस. काल आपल्या अंतराळ चित्रपटमालिकेचा सहावा भाग पाहिला आणि मला सगळा उलगडा झाला.

आधीच्या पाचही भागांत यान तुझ्या आवाजात बोललं. दार उघडण्याआधी ते सगळ्यांना जपून जा म्हणायचं, तेव्हा अख्खं थिएटर शांत व्हायचं. या भागात यान मुकं. लढाई नाही, पाठलाग नाही. कप्तान एकटाच बडबडतो आणि भिंतीवरचा दिवा लुकलुकतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मागचा माणूस तर आवाज वाढवा म्हणून ओरडला. दिग्दर्शकाने तुला काढलं, दुसरं काय? गरज सरो, वैद्य मरो.

आजच्या माझ्या सदरात मी त्याची सालटी काढली आहेत. अर्धा तारा दिला, आणि दिव्याची वायर सैल असावी असंही लिहिलं. कात्रण सोबत आहे.

लोभ असावा, आणि फोन उचलावा.
ठिणगी

१९ जून

चि. ठिणगीस,
आशीर्वाद, पण आज मनावर दगड ठेवून.

कात्रण वाचून अंगाचा तिळपापड झाला. फोन उचलून बोलू कशाने? गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तुझ्या बाबाचं काळीज हळवं, म्हणून कळवलं नाही.

निर्माते माझ्या जागी दुसरी बाई बसवायला निघाले होते. दिग्दर्शक माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की तुम्ही बोलणार नसाल तर यानही बोलणार नाही. ज्यांनी माझी खुर्ची कुणाला दिली नाही, त्यांनाच तू झोडपलंस. आता निर्माते तुझं कात्रण नाचवत पुढचा भाग त्यांच्याकडून काढून घ्यायला निघालेत.

आणि ती सैल वायर मी होते. कप्तान बोलायचा, बटणावर अंगठा माझा. हो लगेच म्हणायचं की जरा थांबून, यावर मी दिग्दर्शकांशी भांडायचे. इतका जीव ओतून मी कधी काम केलं नव्हतं. शेवटची नावं यायच्या आत उठलीस ना? म्हणे समीक्षक.

भेटायला येऊ नकोस. रडणारी माणसं मला सोसत नाहीत.

रागासकट लोभ आहे, तो राहू दे.
आत्या

२३ जून

तीर्थस्वरूप आत्यास,
मान खाली घालून नमस्कार.

चित्रपट पुन्हा पाहिला. झाडूवाला आत येईपर्यंत बसले. कप्तानाच्या खालोखाल तुझंच नाव आहे. तो यानाला विचारतो की भीती वाटते का, आणि दिवा किती तरी वेळ लागत नाही. मग एकदाच लागतो. पहिल्या वेळी मी तेव्हा घड्याळ बघत होते. उद्याच्या सदरात माझी चूक छापून येईल. संपादक चिडलेत, चिडोत.

पण माझा राग गेलेला नाही, आता तो तुझ्यावर आहे. दवाखान्यात एकटी पडलीस आणि आम्हाला दौऱ्याच्या थापा मारल्यास. आम्ही काय परके होतो? बाबांना सांगितलं. ते रडले, आणि मग माझ्याहून जास्त चिडले.

शनिवारी दोघं येतो. रडणार नाही, भांडणार आहोत. यायला नकोच असेल तर दारावरचा दिवा दोनदा लाव. मी एकदाच मोजेन.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
ठिणगी